पाच वर्षांचं दूध

“अगं ए राही, ऐकलंस का? काकासाहेबाच्या दारात बँक येनार हाय, बँक!”

केशरबाई ओरडतच गोठ्यात शिरली, तशी धारेच्या गाईनं मागचा पाय झाडला आणि राहीबाईच्या गुडघ्यांत धरलेली चरवी कलंडता कलंडता राहिली.

“हळू बोल की. जनावर बिचकतंय.”

“जनावराचं काय घेऊन बसलीस! उद्या सकाळी, दूध घालायच्या टायमाला. नगरवरनं सायबीन येनार, गाडी घिऊन. कालपासनं डेअरीला रंग द्यायलेत. त्या कळकट भितींला आस्मानी रंग! मी म्हनलं त्याच्या पोराला, अरं राधाकृष्णा, लगीन-बिगीन हाय का काय डेअरीचं? तर दात काढून हासतोय नुसता.”

राहीबाई हसली नाही. मार्गशीर्षातला गुरुवार होता. दत्ताचा उपास. धार काढताना तिच्या ओठांत नाम चाललेलं असे आणि चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज त्याच ठेक्यावर येई. मशीन होतं गोठ्यात, पण पिंपळदऱ्याला लाईट दुपारची, आणि गाईला पहाटे पान्हा फुटतो. त्याला कोण काय करणार. नाम तुटलं की तिचा हात थांबे. आत्ता दोन्ही थांबलं होतं.

तिसगाव सोडून गर्भगिरीच्या डोंगराकडं वळलं की हे गाव. मुरमाड रान, वर उघडा डोंगर. त्या दिवसांत पहाटे डोंगरावरून असा वारा उतरतो की ज्वारीची पानं एकमेकांना घासून करकरतात आणि गाईंच्या नाकातून वाफा निघतात. अशा थंडीत केशरबाई डोक्यावरून चादर घेऊन बातमी द्यायला धावत आली होती, म्हणजे बातमी साधी नव्हती. ती राहीबाईची चुलत जाऊ. एक गाय, दोन शेरडं आणि गावभराच्या खबरी एवढी तिची इस्टेट.

“कशाला येनार बँक?” राहीबाईनं विचारलं.

“कर्जाला! दूध थंड करायची ती मोठी टाकी बसवायचीय न्हवं त्याला. पुन्याचा प्लान्ट म्हनतोय, थंड दूध द्या, न्हाईतर पाडव्यापासनं तुमचं दूध बंद. आता टाकीला पैसा कुठनं आनावा? जमीन तर आदीच गुतलीया, त्या ऊसतोडीच्या मशीनीपायी. मंग बँक म्हनली, जमीन ऱ्हाऊ द्या, दूध दावा. किती बाया रोज दूध घालत्यात ते आमी डोळ्यांनी बगू, आन पुढची पाच वर्सं हितंच घालनार का, ते बायांच्या तोंडनं ऐकू. मंग देऊ.”

“बायांच्या तोंडनं?”

“व्हय. आन बाया म्हंजी कोन? तुझ्या अकरा गाया आन आपल्या गल्लीचं दूध. त्यातच निम्मी डेअरी झाली. तू म्हनशील ते गल्ली म्हननार. काकासाहेबानं बँकेला सांगूनबी टाकलंय, आमची राहीवैनी हाय तवर दुधाला मरन न्हाई.”

“राहीवैनी म्हनला?”

“वैनी म्हनला. मी माझ्या कानानं ऐकलं.”

राहीबाईनं चरवी पुन्हा गुडघ्यांत घट्ट धरली आणि गाईच्या कासेला हात घातला. धार सुरू झाली, पण ओठ हलले नाहीत.

केशरबाई जाता जाता म्हणाली, “मला तर तुझं कोडंच पडतं बाई. तौफिकचा त्यो दुसऱ्या कंपनीचा दुधाचा टेम्पो दिवाळीपासनं डेअरीसमोर येऊन हुबा ऱ्हातोय. लिटरमागं रुपया जास्ती देतोय. समद्या बाया जायला निघाल्या हुत्या, तूच आडवी आलीस. आपलं गाव, आपली डेअरी म्हनलीस. ज्यानं तुझं असं केलं, त्याच्या डेअरीला तूच टेकू दिऊन हुबी.”

“असू दे,” राहीबाई म्हणाली. “तुझी गाय हंबरती बग. जा.”

*

गाईला कर्ज कसं मिळतं, हे इथं सांगायला हवं. बँक गाय बघत नाही आणि गाय घेणारीलाही बघत नाही. ती बघते डेअरीवाल्याचं हमीपत्र. या बाईचं दूध माझ्याकडं येईल, बिलातून हप्ता कापून मी तुमच्याकडं भरीन, एवढं त्यानं लिहून दिलं की बाईला पत आली. नाही दिलं तर तिची पत नाही. मग ती बाई किती राबते, खाते किती अन् ठेवते किती, याला कुणी विचारत नाही.

नऊ वर्षांमागं राहीबाईचा नवरा गहिनीनाथ विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. वर्षश्राद्ध व्हायच्या आत तिनं मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या आणि घोडेगावच्या बाजारात एका गाईला इसार दिला. काळीबांडी, दुसऱ्या वेताची, कास अशी की चालताना मांड्यांना अडावी. तिसगावच्या बँकेतला साहेब म्हणाला, “डेअरीचं पत्र आणा, आठवड्यात चेक काढतो.” ती काकासाहेबाकडं गेली. काकासाहेब तेव्हाही डेअरीच्या कट्ट्यावर बसलेला होता, आणि गावही दूध घालायला जमलेलं होतं. त्यानं पत्र दिलं नाही. काय बोलून दिलं नाही, ते राहीबाईनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. ऐकणारे ऐकून विसरले.

इसार बुडाला. आणि पुढच्याच बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तीच काळीबांडी गाय काकासाहेबाच्या गोठ्यात बांधलेली तिला दिसली. मेव्हण्याच्या नावानं घेतली होती म्हणे. राहीबाईच्या घरून डेअरीला जायचा रस्ता त्या गोठ्यावरूनच जातो. सहा वेतं झाली त्या गाईला तिथं.

घरात गाय नाही म्हटल्यावर मुलाचं, अमृतचं, शिक्षण बारावीत थांबलं. पोरगं नागापूरला गेलं, एमआयडीसीत, पत्रा कापायच्या प्रेसवर. दुसऱ्याच महिन्यात उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली राहिली. दवाखान्यात ते आईला म्हणालं होतं, “आई, रडू नको. अजून आठ हायेत.” ती तिथं रडली नाही. घरी येऊन तुळशीपुढं बसली आणि देवाला म्हणाली, यातलं काही तू मला विसरू देऊ नको.

मग एक शेळी झाली, बचत गटातून. शेळ्यांची एक कालवड झाली. कालवडीच्या गाया झाल्या. ओढत, उपास काढत, दुसऱ्याच्या बांधाचं गवत कापत झाल्या. गावात दुसरी डेअरी नव्हती तोवर तिनं काकासाहेबाकडं दूध घातलं, आणि टेम्पो आल्यावरही घालतच राहिली. गाव म्हणालं, बाई देवभोळी, मनात ठेवत नाही. काकासाहेबही तेच समजला. तिनं बायांना थांबवलं तेव्हा तर त्यानं चारचौघांत हात जोडले.

राहीबाई वाट बघत होती. त्याच्या डेअरीचा भार हळूहळू तिच्या खांद्यावर येत होता, आणि येऊ देत होती ती. भार पुरता आल्याबिगर खांदा काढण्यात काय अर्थ!

*

संध्याकाळी दिवेलागणीला काकासाहेब आला. बायकोला घेऊन आला. पायरीशी चप्पल काढली, त्यावरूनच कळलं की काम मोठं आहे. एरवी हा माणूस दारातूनच हाक मारणारा.

“वैनी, हाय का घरात?”

“या. बसा.”

देवघरापुढं समई होती. दत्ताच्या तसबिरीला झेंडूची माळ. काकासाहेबानं लांबूनच हात जोडले, बायकोनं कपाळ टेकलं. राहीबाईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. दोघं मिटक्या मारत चहा प्याले. तिचा उपास होता.

“काय दूध हाय वैनी तुमच्या चहाला!” काकासाहेब म्हणाला. “निस्तं मधावानी.”

“तुमच्या डेअरीत साडेतीनच फॅट लागती त्याला.”

काकासाहेबाला ठसका लागला. बायकोनं पाठीवरून हात फिरवला.

“मशीन जुनं झालंय वैनी. टाकी आली की मशीनबी नवं येतंय. कर्ज मंजूर झालं की पयलं तेच काम. आन वैनी, तुमास्नी खोटं कशाला सांगू? हे कर्ज न्हाई झालं तर पाडव्याला मला डेअरीला कुलूप लावाय लागंल. पोरगं लग्नाचं झालंय. उसाच्या मशीनीनं मला पार धुतलं. आता बँक काय म्हनती, तुमच्या जमिनीवर न्हाई, तुमच्या दूधवाल्यांवर आमचा इस्वास. काय दिवस आलेत बगा.”

“खरंय.”

“सायबीन तुमालाच पयलं इचारनार. मीच सांगितलंय, राहीबाईला पयलं इचारा. गावात तुमच्या शब्दाला किंमत हाय. माळकरी मानूस खोटं बोलत न्हाई.”

“न्हाई बोलत.”

बायकोनं पिशवीतून साडी काढली. मोतिया रंगाची, बारीक काठाची. “माझ्या भनीनं पैठनवरनं आनली हुती. म्हनलं तुमाला शोभंल.”

“ठेवा माघारी, ताई. व्रताच्या दिवशी मी कुनाचं काही घेत न्हाई.”

“मंग उद्या देते.”

“उद्याचं उद्या.”

काकासाहेब उठला. पायरीवर पुन्हा थांबला. मान खाली घालून म्हणाला, “वैनी, मागलं काही मनात असंल तर...”

राहीबाई समईची वात सारत होती. तिला वाटलं, हा आता बोलेल. त्या काळ्याबांड्या गाईचं नाव काढेल, निदान अमृतचं काढेल. त्यानं एवढं केलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. ती थांबली.

“...तर ते काढून टाका,” काकासाहेब म्हणाला. “मानसाच्या हातनं हुतंय उन्नीस-बीस. उद्या येनार न्हवं?”

“मी रोजच येते. उद्याबी दूध घिऊन येते.”

“झालं तर मंग!” तो बायकोला म्हणाला. अंधारातून दोघांच्या चपला वाजत गेल्या आणि वळणावर त्याचं हसणं ऐकू आलं.

राहीबाईनं आरती केली, उपास सोडला. देवापुढं सूड मागता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं, उद्या माझी जीभ अडखळू देऊ नको, एवढंच मागितलं.

*

सकाळी धुकं होतं. डेअरीवर भोंगा लावला होता आणि त्यावर भूपाळ्या चालल्या होत्या. कट्ट्यापुढं शेणसडा, रांगोळी. आस्मानी भिंती अजून ओल्याच. वैजनाथाच्या म्हातारीनं हात टेकला तर पंजा निळा झाला. रस्त्याच्या पल्याड तौफिकचा टेम्पो नेहमीसारखा उभा होता. भिंगारचं पोरगं, मफलर गुंडाळून बोनेटवर बसलेलं. त्याच्याकडं वाडीवरची दोन-चार घरंच काय ती दूध घालायची. आज इकडची धांदल बघत तो मजेत शेंगा खात होता.

आणि फॅट मोजून दुधाचा भाव ठरवणाऱ्या मशीनचं तर विचारूच नका. जे मशीन बारा महिने साडेतीनच्या वर चढायला दमत होतं, ते आज खुशीत आलं होतं. ज्याचं त्याचं चार, चार-दोन.

“बया! माझ्या गाईनं रातीत काय खाल्लं?” केशरबाई म्हणाली.

“गाईनं न्हाई, मशीननं खाल्लं,” मागून कुणीतरी बोललं आणि रांग फिसकन हसली. राधाकृष्णानं डोळे वटारले.

बँकेच्या मॅडम कोवळ्या होत्या. पूजा त्यांचं नाव, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात स्वच्छ बूट. काकासाहेबानं खुर्ची दिली, पेढे दिले. मॅडमनी पेढा कागदात ठेवला आणि कॅन बघितले, वजन बघितलं, काट्याचा फोटो काढला. मग म्हणाल्या, “आता मला दूध घालणाऱ्यांशी बोलायचंय. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, काकासाहेब.”

“मी कशाला बोलू! ह्या बगा आमच्या राहीवैनी. हिथनं सुरू करा.”

राहीबाई रांगेत पुढंच होती. डोक्यावर पदर, दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. झाकणं अजून काढलेली नव्हती. तिच्यामागं गल्लीतल्या बाया.

“मावशी, किती वर्षं दूध घालताय इथं?”

“कालवड व्याली तवापासनं. सात वर्सं झाली.”

“बिल वेळेवर मिळतं?”

“मिळतं. मांगंफुडं हुतं, पन मिळतं.”

काकासाहेबाचा चेहरा खुलला. मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. “म्हणजे काकासाहेबांवर तुमचा विश्वास आहे.”

“मी दूध घालते,” राहीबाई म्हणाली.

“तेच ते. आता शेवटचं. बँक यांना कर्ज देणार ते या दुधाच्या भरवशावर. पुढची पाच वर्षं तुम्ही इथंच दूध घालाल, असं मी लिहू?”

भोंगा मध्येच कुणीतरी बंद केला होता. पल्याड तौफिक शेंगा फोडत होता, तो आवाज तेवढा ऐकू आला.

“ह्याचं उत्तर काकासाहेबानीच द्यावं,” राहीबाई म्हणाली.

“ते कसं?” मॅडम म्हणाल्या.

“नऊ वर्सांमागं मी ह्याच कट्ट्यापुढं हुबी हुते. गाईसाठी हमीपत्र मागत हुते. तवा ह्यांनी जे उत्तर दिलं, तेच आज माझं उत्तर. काकासाहेब, सांगा मॅडमला. तुमी काय म्हनला हुता?”

“वैनी!” काकासाहेब हसल्यासारखं करत म्हणाला. “कवाचं काय काढता? मला काय याद हाय आता?”

“तुमाला याद न्हाई?”

“न्हाई बा. शप्पत.”

“मला हाय.” तिचा आवाज वर गेला नाही. देवळात बोलावं तसंच ती बोलत होती. त्यामुळं मागच्या बायांना पुढं सरकून ऐकावं लागलं. “तुमी म्हनला हुता, ज्या घरातला कर्ता खड्ड्यात गेला त्या घरावर मी सही करत न्हाई. आन मंग ह्या समद्या रांगेला इचारलं हुतं, तुमच्यातलं कोन हिच्यासाठी हुबं ऱ्हातंय का? कोन हुबं ऱ्हायलं न्हाई. मंग मला म्हनला हुता, बग बाई, मी नको म्हनत न्हाई, गावच नको म्हनतंय. फुडच्याला जागा दे.”

केशरबाई त्या दिवशी रांगेत होती. तिनं मान वळवून आपल्या चरवीकडं बघितलं.

मॅडम गोंधळल्या. “मावशी, ते तुमचं जुनं भांडण झालं. मला फक्त पुढचं—”

“फुडचंच सांगते. पाच वर्सं न्हाई. पाच दिवसबी न्हाई. लिवा.”

राहीबाईनं दोन्ही कॅनच्या कड्यांत हात घातले. एवढं वजन, पण बाई ताठ उठली. रांगोळीवरून न जाता बाजूनं वळली आणि रस्ता ओलांडून टेम्पोकडं चालू लागली.

मागच्या बाया घटकाभर तशाच उभ्या. मग वैजनाथाच्या म्हातारीनं निळा पंजा लुगड्याला पुसला, किटली उचलली आणि “आमालाबी साडेतीनच लागत हुती की रं वर्सभर!” म्हणून निघाली. मग दुसरी. मग तिसरी. रांग कट्ट्यापुढून उसवत गेली आणि रस्त्यापल्याड पुन्हा जोडत गेली. तौफिक बोनेटवरून उडी मारून खाली आला. “काकी, एवढे कॅन न्हाईत माझ्याकडं! थांबा, थांबा, फोन करतो.”

केशरबाई एकटी काट्याजवळ राहिली. रिकामी चरवी हातात. “आगं राही, माझं वतून झालंय गं!” ती रडकुंडीला येऊन ओरडली. “आदी सांगायचं तरी!”

काकासाहेब रस्त्याच्या मधोमध आला. तोंड रंगाच्या वरताण निळं पडलेलं. वैनी-बिनी विसरला. “राहे! घर बुडवलंस माझं तू!”

राहीबाईनं कॅनचं झाकण काढलं, तौफिकच्या मापात दूध ओतलं. फेस खाली बसेपर्यंत थांबली. मग मागं न बघता म्हणाली, “घर न्हाई, काकासाहेब. कर्ज बुडलं. घर बुडलं म्हंजी कसं असतंय, ते मला इचारा कवातरी. सवडीनं सांगीन.”

मॅडमनी टॅब पिशवीत घातला. “शाखेत कळवते,” एवढंच म्हणाल्या. पेढ्याचा कागद खुर्चीवरच राहिला.

*

कर्ज झालं नाही. काकासाहेबानं दुसऱ्या दोन बँकांचे उंबरे झिजवले, एका पतसंस्थेत मामाला जामीन म्हणून नेलं. पण दूध कुठंय, म्हणून सगळीकडं एकच प्रश्न. पाडव्याला प्लान्टनं गाडी पाठवणं बंद केलं. चैत्राच्या उन्हात दोन दिवस दूध नासून ओढ्यात ओतावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी आस्मानी भिंतीवरचं शटर खाली आलं. उसाचं मशीन वित्त कंपनीनं ओढून नेलं.

राहीबाईचं मन चरचरेल, निदान एखाद्या रात्री झोप उडेल, असं तिलाच वाटलं होतं. उडाली नाही. ती उपास करत होती, पोथी वाचत होती, आणि तिला शांत झोप लागत होती.

काकासाहेब मात्र रोज पहाटे सवयीनं उठून येई. बंद शटरपुढच्या कट्ट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसे आणि पल्याडची रांग बघे. सगळं गाव टेम्पोवर दूध घालून जाईपर्यंत बसे. बायकोनं हाताला धरून नेलं तरी दुसऱ्या दिवशी तिथंच.

वैशाखातल्या एका सकाळी तौफिकनं माप काढलंच नाही. मोबाईल हातात घेऊन नुसता उभा राहिला. पोरगं चांगलं, त्यामुळं त्याला ते जड जात होतं.

“काय रं? मयत-बियत झालं का कुनी?” केशरबाईनं विचारलं.

“मावशी, वरून मेसेज आलाय. आजपासून लिटरला तीन रुपये कमी.”

“तीन!”

“मी काय करू? कंपनी म्हनती, पिंपळदऱ्यात आता दुसरी डेअरी न्हाई. घालायचं तर घाला म्हनती, न्हाईतर घरी लोनी काढा. मी फक्त टेम्पो चालवतो, मावशी. अल्ला कसम.”

रांगेत कालवा उठला. पेंडीचा भाव, कडब्याचा भाव, डॉक्टरची फी, सगळं निघालं. आणि मग हळूहळू सगळ्यांची तोंडं एकीकडं वळली.

केशरबाई कंबरेवर हात देऊन राहीबाईपुढं उभी राहिली. “घे! झालं समाधान? त्यो रुपया कमी द्यायचा, पन तीन तर न्हवता कापत. सूड तुझा, आन पैसं आमच्या चरवीतनं चाललं. मला एक गाय हाय राही. एक! तुला अकरा हायेत, तुला परवडतंय सूड. मला न्हाई परवडत.”

यात खोटं काही नव्हतं. सूर्य डोंगराआडून वर आला होता आणि सकाळीच डोक्यावर तापत होता. राहीबाईनं पदरानं कपाळ पुसलं. मग तौफिकला म्हणाली, “ह्या रांगेतल्या समद्यांचं दूध जुन्याच भावानं लिव.”

“काकी, कंपनी देनार न्हाई.”

“कंपनीला कोन मागतंय? कमी पडंल ते माझ्या बिलातनं काप.”

तौफिक बघतच राहिला. “समद्यांचं? काकी, तुमचं स्वतःचंबी तीननं कमी झालंय. पेंड-कडब्याचं वजा जाता तुमच्या हातात ऱ्हाईल काय?”

“शेन ऱ्हाईल. तू काप.”

“येडी झालीस काय तू?” केशरबाईचा आवाज एकदम उतरला. भांडायला आलेली बाई, तिच्या हातातून भांडणच काढून घेतलेलं. “असं कवर भरशील, गं? महिना? दोन महिनं?”

राहीबाईनं आपला कॅन उचलून मापात ओतला. ओतता ओतता रस्त्यापल्याड बघितलं. काकासाहेब कट्ट्यावर बसला होता. उन्हानं डोळे किलकिले करून इकडंच बघत होता.

“त्यो तितं रोज येऊन बसतोय, तवर,” ती म्हणाली.

आणि रिकामा कॅन घेऊन घराकडं निघाली. सावलीची वाट मागच्या बोळातून होती. ती उन्हातून, कट्ट्यापुढून गेली. सावकाश.